तीच चिप, दोन रस्ते : ऑडिओ ड्रायव्हरमधला सामायिक कोड



'ड्रायव्हर' आणि 'बस' हे दोन शब्द विषयात शेजारी-शेजारी वाचून कुणाला एसटी आठवली असेल, तर त्यात नवल नाही. पण आज आपण बोलणार आहोत ते संगणकातल्या ड्रायव्हरबद्दल आणि संगणकातल्या बसबद्दल. प्रश्न वरवर साधा आहे. आवाज काढणारी एक चिप आहे. ती संगणकाला दोन वेगवेगळ्या मार्गांनी जोडता येते. मग तिच्यासाठी प्रोग्रॅम एक लिहायचा की दोन? आणि एकच लिहायचा, तर त्यातलं नेमकं काय एक ठेवायचं आणि काय वेगळं?

आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र आणि भारतीय दर्शनं शिकवली. यंत्रं जुळवणं हा आमचा पेशा नव्हे. परंतु लिनक्स आणि नेटबीएसडी या प्रणालींचा कोड उघडा आहे. एखादा भाष्यग्रंथ वाचावा तसा तो कुणालाही वाचता येतो. तो वाचताना लक्षात येतं की 'अनेकांमध्ये एक असं खरोखर काय असतं?' हा वैशेषिकांचा जुना प्रश्न ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना रोज सोडवावा लागतो. फरक इतकाच की वर्गात उत्तर चुकलं तर दोन गुण जातात. इथे चुकलं तर कुणाच्या तरी हेडफोनमध्ये कानठळ्या बसतात, किंवा धडधाकट यंत्र मुकं होतं.

आधी शब्द समजून घेऊ

ड्रायव्हर म्हणजे कर्नल आणि एखादं उपकरण यांच्यामधला दुभाषा. वरून हुकूम येतो, 'आवाज थोडा कमी कर'. ड्रायव्हर त्याचं भाषांतर चिपला समजेल अशा आकड्यांत करतो.

बस म्हणजे ते आकडे ज्या मार्गाने जातात तो मार्ग. हा शब्द मूळ लॅटिन 'ऑम्निबस'वरून आला, अर्थ 'सर्वांसाठी'. रस्त्यावरच्या बसचं मूळही तेच. एका मार्गावर अनेक उपकरणं असतात, म्हणून तो सर्वांसाठी.

कोडेक ही ध्वनीची चिप. ती आकड्यांचा आवाज करते आणि आवाजाचे आकडे करते. तिच्या पोटात रजिस्टर नावाचे छोटे कप्पे असतात. एका कप्प्यात आवाजाची पातळी, दुसऱ्यात माइक चालू की बंद, तिसऱ्यात आणखी काही. चिपला काही सांगायचं म्हणजे योग्य कप्प्यात योग्य आकडा ठेवायचा.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एडिंबरोच्या वुल्फसन कंपनीची डब्ल्यूएम ८७३१ नावाची चिप आहे. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांत टेरासिकचे डीई-२ बोर्ड असतात, त्यांच्यावर ती पाहायला मिळते. या चिपला हुकूम देण्याचे दोन मार्ग आहेत : एक आय-टू-सी, दुसरा एसपीआय. चिपच्या एका पायावर शून्य दिलं की पहिला मार्ग, एक दिलं की दुसरा. बोर्ड बनवणारा सोयीप्रमाणे ठरवतो.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करू, कारण पुष्कळांचा घोटाळा होतो. संगीताचे नमुने या मार्गाने जात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळ्या तारा आहेत. आय-टू-सी किंवा एसपीआयवरून जातात ते फक्त हुकूम. गवई आणि श्रोते यांच्यामधली वाट वेगळी, आणि 'माइकचा आवाज वाढवा' म्हणून ध्वनिव्यवस्थेवाल्याला पाठवलेली चिठ्ठी वेगळी. आपण आधी चिठ्ठीबद्दल बोलतो आहोत.

काय तेच, काय वेगळं

या चिपच्या प्रत्येक हुकुमात १६ बिट असतात. पहिले ७ बिट कप्प्याचा क्रमांक, उरलेले ९ बिट त्यात ठेवायचा आकडा. डाव्या हेडफोनची पातळी २ क्रमांकाच्या कप्प्यात असते. ती उणे ७३ डेसिबलपासून अधिक ६ डेसिबलपर्यंत एकेका डेसिबलच्या पायरीने बदलते. समजा आपल्याला शून्य डेसिबल हवं. त्यासाठीचा आकडा सोळाच्या पायात ७९ आहे. कप्पा २ आणि आकडा ७९ एकत्र बांधले की सोळाच्या पायातली संख्या होते ०४७९. म्हणजे दोन बाइट : ०४ आणि ७९.

आता हे दोन बाइट पाठवायचे. आय-टू-सीवर आधी चिपचा पत्ता सांगावा लागतो, कारण त्याच दोन तारांवर दुसरीही उपकरणं बसलेली असतात. या चिपचा पत्ता सोळाच्या पायात १ए किंवा १बी. पत्ता, मग ०४, मग ७९. आणि प्रत्येक बाइटनंतर चिपने 'मिळालं' अशी पोच द्यायची. एसपीआयवर पत्ता नाही. प्रत्येक उपकरणाला निवडीची स्वतंत्र तार असते. ती तार हलवून त्याला जागं करायचं आणि ०४, ७९ सोडून द्यायचे. पोच वगैरे काही नाही.

पत्र तेच आहे. एकदा रजिस्टर पोस्टाने गेलं, पोचपावतीसह. एकदा गावाकडे निघालेल्या माणसाच्या हातात दिलं. पाकीट बदललं, मजकूर बदलला नाही. 'शून्य डेसिबल म्हणजे ७९' हे ज्ञान चिपचं आहे. 'पत्ता १ए' हे ज्ञान मार्गाचं आहे. आजच्या व्याख्यानाचा गाभा एवढाच : कोणतं ज्ञान कुणाचं आहे ते ओळखा, आणि प्रत्येक ज्ञान ज्याचं त्याच्या घरी, एकाच ठिकाणी ठेवा.

नकलेचा मोह

सोपा मार्ग कोणता? आय-टू-सीसाठी ड्रायव्हर लिहून झाला आहे. एसपीआयचा बोर्ड समोर आला. फाइलीची नक्कल करा, पाठवण्याच्या दहा-वीस ओळी बदला, दुपारपर्यंत आवाज सुरू. यात आळस आहे असं आम्ही म्हणणार नाही. त्या दिवशी ते शहाणपणाचंही असू शकतं.

गोम पुढे असते. समजा दोन वर्षांनी कुणाला आढळलं की यंत्र सुरू होताना पातळी क्षणभर कमाल म्हणजे अधिक ६ डेसिबलवर जाते. हेडफोन कानाला असेल तर दणकाच बसतो. तो माणूस आय-टू-सीवाला. तो आपल्या फाइलीत दुरुस्ती करतो आणि समाधानाने झोपतो. एसपीआयच्या फाइलीत तो दोष तसाच राहतो. तिथला वापरणारा कान चोळत बसतो. त्याला कळतही नाही की आपल्या दुखण्याचं औषध शेजारच्या फाइलीत तयार आहे.

दोन नकला पहिल्या दिवशी सारख्या असतात. मग इकडे एक ओळ बदलते, तिकडे दुसरी. पाच वर्षांनी दोन्हींत फरक दिसतात, आणि कोणता फरक मुद्दाम केलेला आहे आणि कोणता नुसता विसरलेला, हे सांगायला कुणी उरत नाही. जुन्या पोथ्यांच्या पाठभेदांवर काम केलेल्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल.

दुसरा मोह याच्या उलट. सगळं एकाच फाइलीत कोंबायचं आणि जागोजागी विचारायचं, 'आय-टू-सी असेल तर असं, एसपीआय असेल तर तसं'. नक्कल टळली हे खरं. पण मार्गाचं ज्ञान चिपच्या ज्ञानात कढीपत्त्यासारखं सगळीकडे पसरलं. तिसरा मार्ग आला की प्रत्येक 'असेल तर' शोधून तिथे आणखी एक ओळ घालायची. एखादी राहिलीच तर यंत्र रुसतं, आणि का रुसलं ते सापडत नाही.

मधला गाभा आणि दोन टोकं

मग चांगली मांडणी कशी असते? चिपचा सगळा कोड एका गाभ्यात. त्याला बसचं नावही माहीत नसतं. त्याला फक्त एवढं मिळतं : 'या कप्प्यात हा आकडा ठेव' असं सांगण्याची सोय. बाहेर दोन बारीक टोकं. आय-टू-सीचं टोक आपल्या पद्धतीने ती सोय तयार करतं आणि गाभ्याच्या हवाली करतं. एसपीआयचं टोकही तेच करतं. पुढचं सगळं गाभा बघतो.

लिनक्समध्ये ही सोय आज रेगमॅप या नावाने ओळखली जाते. मार्क ब्राउन यांनी ती घडवली आणि २०११ मध्ये लिनक्स ३.१ मध्ये ती आली. तिचा जन्म ध्वनीच्याच कोडमधून झाला. आधी ऑडिओ कोडेकांसाठी अशी सामायिक सोय ध्वनीच्या विभागात होती. मग लक्षात आलं की हे दुखणं फक्त आवाजवाल्यांचं नाही. वीजपुरवठा सांभाळणाऱ्या चिपांनाही हेच कप्पे, हेच दोन मार्ग. तेव्हा ती सोय उचलून सर्वांसाठीच्या जागी नेली.

रेगमॅपला आपण सांगायचं : कप्प्याचा क्रमांक ७ बिट, आकडा ९ बिट, शेवटचा कप्पा अमुक, सुरुवातीचे आकडे तमुक. हे सगळं चिपच्या माहितीपत्रकातलं, बसशी संबंध नसलेलं. बिट बांधून पाकीट करण्याचं काम रेगमॅप करतं.

आणखी एक काम ते करतं. डब्ल्यूएम ८७३१च्या कप्प्यांत लिहिता येतं, पण त्यातलं परत वाचता येत नाही. आवाज सध्या किती आहे असं चिपला विचारलं तर ती सांगणार नाही. मग आपण काय सांगितलं होतं ते आपणच लक्षात ठेवायचं. यंत्र झोपून उठलं की त्या स्मृतीवरून सगळे कप्पे पुन्हा भरायचे. पूर्वी ही स्मृती ज्याचा त्याने आपापल्या ड्रायव्हरमध्ये सांभाळायची. रेगमॅपने तीही सामायिक केली.

या चिपच्या ड्रायव्हरची पुढची पायरी २०२२ ची आहे. तोवर गाभा आणि दोन्ही टोकं एकाच फाइलीत होती. त्या वर्षी त्यांचे तीन भाग झाले : चिपचा एक, आय-टू-सीचा एक, एसपीआयचा एक. तुम्ही म्हणाल, फाइली मोडून काय मिळालं? मिळालं ते स्वातंत्र्य. लिनक्समध्ये एखादा भाग कर्नलमध्येच कायमचा बसवता येतो, किंवा मॉड्यूल म्हणून हवा तेव्हा आणता येतो. कायमचा बसवलेला भाग मॉड्यूलवर अवलंबून राहू शकत नाही. इमारतीचा खांब उचलून नेता येणाऱ्या स्टुलावर उभा करता येत नाही. आय-टू-सी मॉड्यूल असेल आणि कोडेकच्या एकाच फाइलीत दोन्ही टोकं असतील, तर ज्याच्या बोर्डावर फक्त एसपीआय आहे त्यालाही कोडेक मॉड्यूलच ठेवावा लागतो. ज्या रस्त्याने जायचं नाही त्या रस्त्याच्या अटी पाळायच्या! टोकं वेगळी झाली की ही सक्ती संपते.

उदयनाचार्यांची चाळणी

आता थोडं आमच्या अंगणात येऊ. न्याय-वैशेषिक दर्शनात 'सामान्य' किंवा 'जाती' हा खराखुरा पदार्थ मानला आहे. अनेक गायींमध्ये राहणारं एक गोत्व. पण मग कुठल्याही दोन वस्तूंत काही सारखं दिसलं की लगेच जाती मानायची का? उदयनाचार्यांनी 'किरणावली'त जाती मानण्याच्या आड येणाऱ्या सहा अडचणी सांगितल्या, त्यांना जातिबाधक म्हणतात. त्यांपैकी दोन आपल्या विषयावर लख्ख प्रकाश टाकतात.

पहिली, व्यक्त्यभेद. वस्तू एकच असेल तर तिची जाती नसते. आकाश एकच, म्हणून आकाशत्व ही जाती नव्हे. ड्रायव्हरच्या भाषेत : चिप एकाच मार्गाने जोडली जात असेल, दुसरा मार्ग अस्तित्वातच नसेल, तर सामायिक गाभ्याचा डोलारा उभारू नका. 'उद्या लागेल' म्हणून केलेली सोय उद्याच्या गरजेला सहसा बसत नाही, कारण काय वेगळं असतं हे दुसरं उदाहरण समोर आल्याशिवाय कळतच नाही.

दुसरी, संकर. दोन धर्म काही ठिकाणी एकत्र असतात, पण पहिला दुसऱ्याशिवायही सापडतो आणि दुसरा पहिल्याशिवायही, तेव्हा त्यांना जाती मानता येत नाही. नेहमीचं उदाहरण भूतत्व आणि मूर्तत्व. पृथ्वी, आप, तेज, वायू यांत दोन्ही आहेत. आकाशात भूतत्व आहे, मूर्तत्व नाही. मनात मूर्तत्व आहे, भूतत्व नाही. वर्ग एकमेकांत गुंतले, कोण कुणाच्या पोटात ते ठरेना.

आपल्याकडे नेमकं हेच होतं. एक चिप दोन बसवर असते. एका बसवर पन्नास चिपा असतात. 'आय-टू-सीचे ड्रायव्हर' असा मोठा वर्ग करून चिपा त्याच्या पोटात घातल्या, तर प्रत्येक चिप एसपीआयच्या पोटात पुन्हा लिहावी लागते. उलट चिपेचा वर्ग करून बस तिच्या पोटात घातली, तर प्रत्येक चिपेत आय-टू-सी पुन्हा लिहावी लागते. दोन्हीकडे नक्कल आहेच. झाड काढण्याचा आग्रहच सोडावा लागतो. चिप आणि बस हे दोन स्वतंत्र धर्म मानायचे आणि ते जिथे भेटतात तिथे लहानसा सांधा ठेवायचा. गाभा आणि टोकं ही मांडणी म्हणजे तो सांधा.

सारखं दिसणारं सगळं सारखं नसतं

इथवर ऐकून वाटेल की सामायिक करणं हे नेहमीच पुण्याचं काम. सावध राहायला हवं. सांध्यातून बसचे काही स्वभाव आत झिरपतात. तीन सांगतो.

एक, वेग. आय-टू-सी सर्वसाधारण १०० किलोहर्ट्झवर चालली, तर आपल्या हुकुमाला पत्ता, दोन बाइट आणि तीन पोचा मिळून २७ ठोके लागतात. म्हणजे सुमारे २७० मायक्रोसेकंद. एसपीआय १ मेगाहर्ट्झवर असेल तर १६ ठोके, १६ मायक्रोसेकंद. समजा चिपला दोन हुकुमांमध्ये १०० मायक्रोसेकंद उसंत हवी आहे. आय-टू-सीवर ती आपोआप मिळते, मार्गच संथ आहे. कुणाला पत्ताही लागत नाही. तोच गाभा एसपीआयवर नेला की चिप अडखळते. उसंत ही चिपची गरज होती, मार्गाच्या संथपणाने ती झाकली होती. ती गाभ्यात स्पष्ट लिहायला हवी.

दोन, पोच. आय-टू-सीवर चिप जागेवर नसेल तर पोच येत नाही, चूक कळते. एसपीआयवर चिप उपटून नेली तरी लिहिणं 'यशस्वी' होतं. म्हणून 'लिहिताना चूक आली नाही, म्हणजे चिप हजर आहे' असं अनुमान गाभ्याने करू नये. नैयायिक म्हणतील, हेतू सव्यभिचारी आहे.

तीन, वाट पाहणं. आय-टू-सीवर लिहिताना ड्रायव्हरला थांबावं लागतं. तेवढ्यात प्रोसेसर दुसरं काम हाती घेतो. पण काही क्षण असे असतात, उदाहरणार्थ इंटरप्टची तातडीची दखल घेताना, की तिथे असं थांबायला परवानगी नसते. थेट स्मृतीसारखी जोडलेली चिप असेल तर तिथेही लिहिता येतं. दोन्ही मार्गांना चालेल असा गाभा हवा असेल, तर दोहोंतला कडक नियम पाळावा लागतो. सामायिकपणाची ही किंमत आहे, आणि ती उघड्या डोळ्यांनी मोजलेली बरी.

आवाजच बसवरून जातो तेव्हा

आतापर्यंत फक्त चिठ्ठी बसवरून जात होती. आता अवघड प्रकार पाहू, जिथे संगीताचे नमुनेही बसवरूनच जातात.

क्रिस्टल सेमिकंडक्टरची सीएस ४२३१ ही चिप. ती पीसीच्या जुन्या आयएसए कार्डांवर होती, आणि सन कंपनीच्या संगणकांतही होती. सनच्या अल्ट्रा १ मध्ये ती एस-बसवर, अल्ट्रा ५ आणि अल्ट्रा १० मध्ये पीसीआयच्या मागच्या ई-बसवर. चिप तीच, कप्पे तेच. पण पीसीत तिचे पत्ते लागोपाठ येतात, तर सनच्या यंत्रात चार-चार बाइटांच्या अंतरावर. शिवाय नमुने स्मृतीतून चिपकडे नेणारा हमाल, म्हणजे डीएमए, प्रत्येक ठिकाणी निराळा. ई-बसवर वाजवायला एक आणि ध्वनिमुद्रणाला दुसरा असे दोन हमाल, एस-बसवर दोन्हींचं काम एकाच ठिकाणी.

लिनक्सने सनच्या दोन्ही बससाठी एक ड्रायव्हर ठेवला. डीएमएबाबत गाभा फक्त चार गोष्टी मागतो : तयारी कर, चालू कर, हा तुकडा घे, कुठवर आलास ते सांग. प्रत्येक बस या चारांची आपली उत्तरं देते. चारच प्रश्न, पण दोन अगदी वेगळ्या हमालांमधलं खरं साम्य त्यांत आलं. मात्र आयएसएचा ड्रायव्हर वेगळाच राहिला. सनच्या फाइलीच्या माथ्यावर ती आयएसएच्या फाइलीवर आधारलेली असल्याचं प्रामाणिकपणे नोंदवलेलं आहे. म्हणजे नक्कल, पण वंशावळीसकट.

नेटबीएसडीने रेघ दुसरीकडे ओढली. तिथे चिपांचा कोड एका वेगळ्या दालनात असतो आणि प्रत्येक बसची जोडणी त्या त्या बसच्या दालनात. सीएस ४२३१च्या आधीची अ‍ॅनालॉग डिव्हायसेसची एडी १८४८ ही चिप, तिच्या १६ कप्प्यांत भर घालून ४२३१चे ३२ झाले. म्हणून नेटबीएसडीत ४२३१चा कोड १८४८च्या कोडवर उभा आहे, आणि तो १८४८चा कोड आयएसए कार्डही वापरतं. चार बाइटांचं अंतर कसं सांभाळलं? 'कप्पा वाच' आणि 'कप्प्यात लिही' ही दोन कामं गाभ्याने स्वतः न करता बाहेरून मागून घेतली.

यातलं बरोबर कोणतं? दोन्ही प्रणाली आपापल्या गरजेशी प्रामाणिक आहेत. नेटबीएसडीचं ब्रीदच नाना प्रकारच्या यंत्रांवर चालण्याचं, तिथे रेघ खोलवर ओढणं परवडतं. लिनक्सच्या त्या ड्रायव्हरात सनची दोन भावंडं एकत्र ठेवणं पुरेसं झालं. पण किंमत दोघांनाही आहे. लिनक्समध्ये आयएसएकडे सापडलेला चिपचा दोष सनकडे हाताने न्यावा लागतो. नेटबीएसडीत १८४८ला हात लावणाऱ्याला आयएसए आणि सन दोन्हींचा विचार करावा लागतो.

विहिरीचा गाळ

एका श्रोत्याने मघाशी चिठ्ठी पाठवली : गाभा थेट न लिहिता मध्यस्थामार्फत लिहितो, मग वेळ जास्त लागत नाही का? लागतो, पण किती ते बघा. आजच्या प्रोसेसरवर मध्यस्थ फंक्शनला हाक मारायला काही नॅनोसेकंद. आय-टू-सीवरचा हुकूमच २७० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे २ लाख ७० हजार नॅनोसेकंद. नागपूरच्या प्रवासात दारात चप्पल घालायला लागलेला वेळ मोजण्यासारखं आहे ते.

खरी किंमत वेळेची नाही, जबाबदारीची आहे. गावाकडे सामायिक विहीर असते. पाणी सगळे भरतात. गाळ कोण काढणार हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. सामायिक कोडचंही तसंच. गाभ्यात बदल करणाऱ्याकडे बहुधा एकच बोर्ड असतो, आय-टू-सीचा किंवा एसपीआयचा. दुसऱ्या टोकाचा माणूस त्याला दिसत नाही. कधी तो वीस वर्षांपूर्वीचं यंत्र जपणारा एखादा हौशी असतो, कधी अंधांसाठी बोलणारं उपकरण तयार करणारा विद्यार्थी. सामायिक केल्याने दुरुस्ती त्याच्यापर्यंत आपोआप पोचते, हा मोठा लाभ. पण बिघाडही तितक्याच आपोआप पोचतो.

म्हणून काय सामायिक करावं हे ठरवताना आम्ही एकच कसोटी सुचवतो. दोन ठिकाणी सारख्या ओळी दिसल्या की विचारायचं : यातली एक उद्या बदलली, तर दुसरी बदललीच पाहिजे का? 'शून्य डेसिबल म्हणजे ७९' ही ओळ एकीकडे चुकीची ठरली तर दुसरीकडेही चुकीचीच, कारण दोन्हींचं कारण एक चिप आहे. ती एकाच ठिकाणी ठेवा. पण दोन टोकांत 'तीन वेळा प्रयत्न कर' अशी सारखी ओळ असेल, तर तो योगायोग आहे. आय-टू-सीवरचे प्रयत्न उद्या पाच झाले म्हणून एसपीआयचे व्हायला नकोत. तिथे आकड्याचं साम्य आहे, कारणाचं नाही. ती वेगवेगळीच असू द्या, दोनदा लिहावी लागली तरी चालेल.

साम्य डोळ्यांना दिसतं, कारण शोधावं लागतं. ते शोधायला चिपचं माहितीपत्रक उघडावं लागतं, बसचे नियम वाचावे लागतात, आणि ज्याचं यंत्र आपल्यापाशी नाही त्या माणसाची आठवण ठेवावी लागते. तरुण मंडळींपैकी कुणी हा कोड उघडून पाहणार असेल, तर डब्ल्यूएम ८७३१च्या तीन फाइलींपासून सुरुवात करावी. टोकांच्या दोन फाइली एका बैठकीत वाचून होतील इतक्या लहान आहेत. त्या शेजारी-शेजारी ठेवून प्रत्येक सारख्या ओळीला वरचा प्रश्न विचारून बघा.

 इथे थांबतो.